शून्य काउंटवर लगेच सही करू नकोस

नाशिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुमचा टोमॅटो पल्प आंबतोय, पॅक मात्र फुगत नाही आणि क्लोरीननंतरचे स्वॅब (लाइनवर कापूस फिरवून घेतलेले नमुने) सलग 'शून्य' येताहेत, असं लिहिलंयस. न फुगता आंबणं म्हटलं की पहिला संशय बॅसिलस कोॲग्युलन्स या जिवाणूवर जातो. पण आधी त्या शून्याचं बघू. प्लेटवर कॉलनी दिसली नाही म्हणून स्पोअर, म्हणजे जिवाणूचं कणखर सुप्त रूप, मेलाच असं होत नाही. तो जखमी असतो आणि आपण त्याला उठायला जागाच देत नाही.

सगळ्यात मोठी गफलत स्वॅबच्या ट्यूबमध्ये होते. कापसात क्लोरीन शोषलं जातं आणि नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत ते काम करतच राहतं. मग तू मोजतेस ते ट्यूबमधलं निर्जंतुकीकरण, लाइनवरचं नव्हे. म्हणून ट्यूबच्या द्रावात न्यूट्रलायझर, म्हणजे उरलेलं क्लोरीन निष्प्रभ करणारं 0.5 टक्के सोडियम थायोसल्फेट हवं. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशक) वापरत असाल तर थायोसल्फेटचा उपयोग नाही, तिथे लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट 80 लागतं. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी कॅटॅलेज. बदलून बदलून रसायनं वापरणाऱ्यांनी सरळ डे-एंगली ब्रॉथ (अनेक जंतुनाशकांना निष्प्रभ करणारा द्राव) घ्यावा, महाग पडतो तरी.

न्यूट्रलायझर खरंच चालतो का, ते तीन ट्यूबमध्ये तपास. तिन्हींत सुमारे 50 ते 100 स्पोअर सोड. पहिलीत नुसता फॉस्फेट बफर, दुसरीत नुसता न्यूट्रलायझर, तिसरीत न्यूट्रलायझर आणि त्यात आधी मिसळलेलं वापरातल्या ताकदीचं क्लोरीन. मग तिन्ही प्लेटवर मोज. दुसरीचा काउंट पहिलीच्या 70 टक्क्यांखाली गेला तर न्यूट्रलायझरच स्पोअरला बाधतोय. दुसरी ठीक आणि तिसरी खाली, तर तो कमी पडतोय.

आता माध्यम, म्हणजे प्लेटमधलं जिवाणूंचं खाद्य. जखमी स्पोअर आम्ल आणि मीठ नीट सोसत नाही. त्यामुळे नुसत्या पीएच 5 च्या थर्मोॲसिड्युरन्स अगारवर विसंबू नकोस, सोबत डेक्स्ट्रोज ट्रिप्टोन अगारही लाव. त्यातल्या ब्रोमोक्रेसॉल पर्पल या रंगामुळे ती प्लेट जांभळी असते आणि आम्ल करणाऱ्या कॉलनीभोवती पिवळं वलय उमटतं, ते चुकत नाही. 0.1 टक्का विरघळणारा स्टार्च घातलास तर वाढ रोखणारी फॅटी ॲसिड्स तो धरून ठेवतो. 55 अंशांवर 48 तासांनी मोज, पण प्लेट टाकू नकोस. पाचव्या दिवशी पुन्हा बघ. जखमी स्पोअर उशिरा उठतात. 55 अंशांवर पाच दिवसांत पातळ प्लेट पापडासारखी वाळते आणि वाळलेल्या अगारवर काही उगवत नाही. म्हणून प्लेटला 20 ते 25 मिली अगार ओत, पिशवीत गुंडाळ आणि इनक्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेव.

कॉस्टिकच्या सीआयपीनंतरचा (यंत्र न उघडता कॉस्टिक सोड्याने आतून धुतल्यानंतरचा) नमुना जरा वेगळा. अल्कलीने स्पोअरचं आतलं जाड आवरण (कॉर्टेक्स) फोडणारी एन्झाइम्स निकामी होतात, म्हणून तो अंकुरत नाही. आत जीव असू शकतो. माध्यमात तेच काम करणारं लायसोझाइम हे एन्झाइम घातलं की त्यातले काही उठतात.

उरली प्लांटमधली परिस्थिती. सोडियम हायपोक्लोराइट मुळात अल्कलधर्मी. स्पोअरला मारतं ते हायपोक्लोरस आम्ल, पीएच 6.5 ला त्याचा वाटा साधारण 90 टक्के असतो, 8.5 ला जेमतेम 10. क्लोरीनच्या नुसत्या पीपीएमवर (दर दहा लाख भागांतलं प्रमाण) समाधान मानू नकोस, शेजारी पीएचही लिही. पण पीएच उतरवायला कॅनमधल्या तीव्र हायपोक्लोराइटमध्ये आम्ल कधीही ओतू नकोस, क्लोरीन वायू सुटतो. पल्पचा थर राहिला तर क्लोरीन तिथेच खपतं. निफाडच्या थंडीत पहाटे टाकीतलं पाणी गार असतं, तेव्हा तेवढ्याच मिनिटांत काम कमी होतं. एप्रिलच्या उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद तर लेबलवर राहते, आत नाही. रोज टायट्रेशन करून क्लोरीन मोज.

तीन ट्यूबचे काउंट आणि आठवडाभराचे पीएच, पाण्याचं तापमान लिहून पाठव, मग पल्पकडे वळू.