वर्डप्रेसची साइट नव्या होस्टिंगवर नेल्यावर काही फोटो दिसत नाहीत. सगळे पुन्हा अपलोड करावेत का?

नका करू. निदान कारण कळेपर्यंत तरी नका.

तुम्ही लिहिलंय की गिरगावातल्या तुमच्या मंडळाची साइट नव्या होस्टिंगवर आणली, लेख सगळे जागेवर आहेत, पण ११०० पैकी बरेच फोटो गायब. मीडिया लायब्ररीत नावं आहेत, चित्राच्या जागी राखाडी चौकोन. आणि कुठला फोटो दिसतो, कुठला नाही, याला काही ताळमेळ नाही.

वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसमध्ये राहतात आणि फोटो 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिन्याप्रमाणे लावलेले. डेटाबेसकडे फोटोचा फक्त पत्ता असतो. राखाडी चौकोन म्हणजे नोंद आली, पण त्या पत्त्यावर कोणी सापडत नाही. आज तोच फोटो पुन्हा चढवलात तर तो या महिन्याच्या फोल्डरमध्ये जाईल आणि २०१७ चा लेख २०१७ च्याच फोल्डरचं दार वाजवत राहील. म्हणजे ११०० फोटो चढवायचे आणि वर एकेक लेख उघडून ते नव्याने लावायचे. गणपतीच्या तोंडावर एवढा वेळ कोणाकडे आहे?

त्याऐवजी न दिसणारा एकच फोटो घ्या, राइट क्लिक करून नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता वाचा. पत्त्यात जुन्या होस्टिंगचं नाव असेल तर डेटाबेसमधले पत्ते बदलावे लागतील. ते डब्ल्यूपी-सीएलआय (कमांड लिहून वर्डप्रेस चालवायचं साधन) याच्या सर्च-रिप्लेसने करा, आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी करून. थेट एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) शोधा-बदला करू नका; बऱ्याच सेटिंग्ज अक्षरांच्या मोजमापासकट साठवलेल्या असतात, ते मोजमाप चुकलं की विजेट (साइटच्या कडेला लावलेले छोटे चौकोन) उडतात. टॅबमध्ये ४०३ ('परवानगी नाही') हा एरर आला तर फाइल आहे, पण सर्व्हर देत नाही: फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ परवानगी आहे का बघा. कोणी ७७७ (कोणालाही सगळी मुभा) करायला सांगेल, ऐकू नका.

पत्ता बरोबर आहे आणि तरी ४०४ ('सापडलं नाही') येतोय, तर फाइल मॅनेजरमध्ये त्याच महिन्याच्या फोल्डरमध्ये जा. फाइल नसेलच तर कॉपी अर्धवट झाली. जुन्या जागेवरून ते फोल्डर पुन्हा आणा, वर्ष-महिन्याच्या रचनेसकट. मूळ फोटो असेल आणि फक्त त्याचे छोटे आकार नसतील, तर थंबनेल (हेच छोटे आकार) नव्याने तयार करून घ्या, एवढं पुरतं.

पण फाइल तिथे डोळ्यांसमोर आहे आणि तरी ४०४? तुमच्या 'ताळमेळ नाही' या शब्दांवरून मला हीच शंका येते. फोटोंची नावं मराठीत आहेत का?

प्रभादेवीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची साइट मी हलवली होती. पहिल्या अंकाचे फोटो झकास दिसत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाचे एकूण एक गायब. मी दोन दिवस परवानग्या तपासत बसलो. घोळ 'दुसऱ्या'तल्या अर्ध्या ऱ मध्ये होता. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ऱ हे एक अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि र अधिक खालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं म्हणूनही. दिसायला दोन्ही सारखीच. मी फाइल्स ज्या जुन्या मॅकवर उतरवल्या होत्या, त्याच्या एचएफएस प्लस (मॅकची फाइल साठवायची जुनी पद्धत) डिस्कने प्रत्येक ऱ ची फोड करून ठेवली आणि मी तीच नावं नव्या सर्व्हरवर चढवली. सर्व्हरवरचं लिनक्स नाव वाचत नाही, बाइट जुळवतो. त्याच्या लेखी डेटाबेसमधलं जोडलेल्या ऱ चं नाव आणि फाइलचं फोडलेलं नाव, ही दोन वेगळी नावं. 'पहिल्या'मध्ये ऱ नाही, म्हणून पहिला अंक वाचला!

तुमच्याकडे 'दुसऱ्या दिवशीची आरती' छाप नावं असतील आणि नेमकी तीच रुसली असतील, तर सर्व्हरवर 'कन्व्हएमव्ही' नावाचं छोटं साधन एनएफसी पर्यायासह चालवा. ते फोडलेली अक्षरं पुन्हा जोडून नावं सुधारतं. सुरुवातीला ते फक्त काय बदलेल ते दाखवतं. यादी नीट वाचा, 'अपलोड्स'ची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच खरं चालवा. नावं इंग्रजीत असतील तर मोठी-छोटी लिपी तपासा: विंडोजला 'जेपीजी' कॅपिटलमध्ये असो वा स्मॉलमध्ये, फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

तपासताना इनकॉग्निटो विंडो वापरा, नाहीतर कॅशमधला (ब्राउझरने साठवून ठेवलेला) जुना फोटो बघून सुटलो असं वाटेल. आणि जुन्या होस्टिंगचे पैसे भरलेले असतील तोवर ते बंद करू नका.