वसाहतकाळातला इस्लाम वाचताना

‘सूफी विरुद्ध सुधारक’ ही फाळणी आधी डोक्यातून काढ आणि उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या सुधारणावादी मदरशापासून सुरुवात कर. १८६६ साली सुरू झालेल्या त्या मदरशाचे आधारस्तंभ कासिम नानोतवी आणि रशीद अहमद गंगोही, दोघेही चिश्ती-साबिरी या सूफी परंपरेतले पीर (गुरू) हाजी इमदादुल्लाह यांचे मुरीद (शिष्य). १८५७ नंतर पीर मक्केला गेले ते तिथेच राहिले, पण पत्रं चालू होती, हजला जाणारे शिष्य भेटत होते. (मुंबईहून सुटणाऱ्या हजच्या आगबोटींचा इतिहासही सोबत वाच, फार उपयोगी पडतो.) मला सगळ्यात मोलाचा वाटतो मिलादचा, म्हणजे पैगंबरांचा जन्मोत्सव साजरा करण्याचा, वाद: इमदादुल्लाहंना तो मान्य, गंगोहींचा ठाम विरोध, तरीही पीर-मुरीद नातं टिकलं. देवबंदींचे कडवे विरोधक, बरेलीचे अहमद रझा खान, कादिरी परंपरेतले सूफीच होते. फतवे वाचायला घेण्याआधी लिहिणारा कुणाचा मुरीद होता, ते शोध.