मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल का?

प्रश्न : काका, आमच्या इंदूरात एक लाल चर्च आहे आणि एक व्हाइट चर्च. मुलगी विचारते की लाल चर्चला कॅथेड्रल म्हणतात मग पांढऱ्याला का नाही, मोठं असलं की कॅथेड्रल होतं का? मला सांगता आलं नाही. अजून एक, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या पत्रिकेत 'मंडळीच्या वतीने' असं छापलंय. ही मंडळी कोण?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मोठ्या-छोट्याचा काही संबंध नाही हो. ग्रीकमध्ये कथेद्रा म्हणजे बसायची खुर्ची, ज्या चर्चमध्ये बिशपची, म्हणजे त्या भागातल्या चर्चांच्या प्रमुख धर्मगुरूची खुर्ची ते कॅथेड्रल, संपलं. आपण गादी म्हणतो ना, तसंच. तुम्ही इंदूरचे, तुम्हाला तर पटकन कळेल, अहिल्याबाई महेश्वरला बसून कारभार बघायच्या तेव्हा राजधानी महेश्वर, मग १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली, म्हणून महेश्वरचा घाट काय लहान झाला का? गादी हलली एवढंच. लाल चर्च, म्हणजे सेंट फ्रान्सिस, तिथे इंदूरच्या कॅथलिक बिशपची गादी. व्हाइट चर्च कॅथलिकांचं नाहीच, ते प्रोटेस्टंटांकडचं.

गंमत बघा, रोमचं सेंट पीटर्स एवढं अवाढव्य, टीव्हीवर कायम तेच दिसतं, पण ते कॅथेड्रल नाही! पोप हे रोमचे बिशप, आणि त्यांचं कॅथेड्रल सेंट जॉन लॅटरन. जुन्या गोव्यातही तेच, सगळी गर्दी सेंट झेवियरच्या शवासाठी बॉम जेझूस चर्चला, ते बॅसिलिका, म्हणजे पोपनी खास मान दिलेलं चर्च, आणि कॅथेड्रल रस्त्याच्या पलीकडे, से कॅथेड्रल. त्याचा एक बुरूज १७७६ मध्ये पडला तो परत बांधलाच नाही, समोर उभं राहिलं की एका बाजूचा खांदा उतरल्यासारखा दिसतो. आणि पोर्तुगीज 'से' म्हणजे लॅटिन सेदेस, म्हणजे परत आसनच! पिवळा पीतांबर म्हणतात तसं झालं हे.

आता मंडळी. बायबलात मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे बोलावून एकत्र जमलेली माणसं, आणि मराठी बायबलात त्याला 'मंडळी' केलंय, मला तरी चर्चपेक्षा हाच शब्द जास्त नेमका वाटतो कारण त्यात विटा-चुना येतच नाही. बायबलातच, सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याचं फिलेमोन नावाच्या माणसाला छोटंसं पत्र आहे, त्यात तो फिलेमोनाच्या घरात जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून लिहितो. घरातच भरायची, वेगळी इमारत कुठली. पत्रिकेतली मंडळी म्हणजे त्या चर्चचे सभासद, सगळे मिळून. हाच एक्लेसिया पोर्तुगीजांच्या तोंडी इग्रेजा झाला आणि गोव्यात, वसईत आपण त्याची इगर्जी केली.

लग्नाला जाणार असालच, तर तुमच्या मंडळींनाही घेऊन जा, आणि मुलीलाही.