वाचक विचारतात : हमस रवाळ का लागतं?

प्रश्न : सोलापुरात एका छोट्या हॉटेलात इस्रायली थाळी मागवली. हमस (काबुली चण्याचं वाटण) रवाळ, फलाफल (चण्याचे तळलेले गोळे) आतून पिठूळ. असंच असतं का? शिवाय सगळं अळणी वाटलं.

उत्तर : नाही. हमस लोण्यासारखं हवं. काबुली चणे 12 तास भिजवून, 200 ग्रॅमला अर्धा चमचा खायचा सोडा घालून, बोटानं सहज चिरडतील इतके शिजवतात. सोड्यानं सालं सैल होतात; ही पायरी गाळली किंवा चणे कमी शिजले की कण राहतात. ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, महाग पडतं. तिथं हात आखडला की हमस नुसतं चण्याचं पिठलं!

फलाफलचे चणे मात्र भिजवायचे, शिजवायचे नाहीत. शिजवले की गोळे तेलात फुटतात, मग बांधायला बेसन येतं आणि आतला भाग पिठूळ होतो. फोडल्यावर आत कोथिंबीर-पार्सलीचा हिरवा रंग आणि भरड पोत दिसला तर बेत जमला.

अळणीपणावर ‘स्खुग’ मागा. हिरवी मिरची, कोथिंबीर, लसणाची ही येमेनी ज्यूंची चटणी शेंगाचटणीवर वाढलेल्या जिभेलाही पुरेल. शक्शुका या टोमॅटोच्या रश्शातल्या पदार्थात अंडी असतात, शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं.