सर्व्हर फॉरमॅट करू नका, आधी डेटा बाहेर काढा

प्रश्न : आमच्या सातपूरच्या कारखान्यात उबंटू सर्व्हरवर मी ओपनएलडॅप (सगळ्यांची नावं-पासवर्ड एका जागी ठेवणारी प्रणाली) बसवलं. कामगारांची नावं, पासवर्ड भरून झाल्यावर दिसलं की कंपनीच्या डोमेनच्या जागी 'नोडोमेन' आलंय. 'ॲप्ट रिमूव्ह' करून पुन्हा बसवलं, तरी तेच. सर्व्हर फॉरमॅट करू का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : अजिबात नको. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो, आणि 'नोडोमेन'ची तक्रार तिथे नेहमीची आहे. बसवताना स्लॅपडी, म्हणजे ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्रॅम, फक्त ॲडमिनचा पासवर्ड विचारतो. डोमेन तो मशीनच्या नावावरून ठरवतो. नुसतं 'सर्व्हर' असं नाव असेल तर त्याला डोमेन सापडत नाही, म्हणून तो 'नोडोमेन' लिहितो.

'रिमूव्ह'ने फक्त प्रोग्रॅम जातो. सेटिंग '/ईटीसी/एलडॅप'मध्ये आणि डेटा '/व्हार/लिब/एलडॅप'मध्ये तसाच राहतो. 'ॲप्ट पर्ज'ने सेटिंग जातं, डेटाबेस मात्र तुम्ही तसं सांगितलं असेल तरच पुसला जातो. त्यामुळे तुमची नावं अजून शाबूत आहेत, हे आधी मनावर घ्या.

सगळ्यात आधी 'स्लॅपकॅट' या आज्ञेने डेटाची पूर्ण प्रत काढा आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा. ही सुरक्षेची प्रत, तिला हात लावायचा नाही. 'नोडोमेन' बदलायला वेगळी फाइल हवी. ती ॲडमिन म्हणून 'एलडॅपसर्च' या आज्ञेने काढा, नाहीतर पासवर्ड त्यात येणार नाहीत. स्लॅपकॅटच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीही असतात आणि त्या 'एलडॅपॲड' ही नोंदी भरणारी आज्ञा परत घेत नाही.

आता 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर स्लॅपडी' ही आज्ञा चालवा; ती सेटिंगचे प्रश्न विचारते. 'सेटिंग वगळायचं का' याला 'नाही' म्हणा, डोमेन नीट लिहा, जुना डेटाबेस हलवायला 'हो' म्हणा. जुना डेटा '/व्हार/बॅकअप्स'मध्ये जातो आणि नोंदींचं नवं, रिकामं झाड तयार होतं. काढा-बसवा करायची गरजच पडत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. फाइलमधलं 'नोडोमेन' बदलताना दोन ठिकाणी लक्ष द्या. एलडॅपसर्च लांब ओळी मोडून पुढच्या ओळीवर नेतो, त्यात शब्दही तुटतो आणि शोधून सापडत नाही; म्हणून 'एलडीआयएफ-रॅप=नो' हा पर्याय द्या. दुसरं, कामगारांची नावं देवनागरीत भरली असतील तर ती बेस-चौसष्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, दिसतात, ओळीत दोन कोलन असतात. नावाची ओळ तशी असली तर काही बिघडत नाही. पण 'डीएन'पुढेच, म्हणजे नोंदीच्या पूर्ण पत्त्यापुढेच, दोन कोलन दिसले, तर त्यातलं 'नोडोमेन'ही त्या अक्षरांत दडलेलं असतं. ती ओळ उलगडून, बदलून लिहावी लागते. पुढच्या वेळी डीएनसाठी रोमन अक्षरांतला यूआयडी (लॉगिनचं नाव) ठेवा आणि मराठी नाव आतल्या रकान्यात भरा. आपल्या माणसांची नावं आपल्या लिपीत असावीत, असं मला मनापासून वाटतं, आणि या पद्धतीत ती राहतात.

फाइल 'एलडॅपॲड'ला 'सी' पर्याय देऊन भरा. झाडाच्या मुळाची नोंद आधीच आहे अशी तक्रार येईल, पण बाकीच्या नोंदी भरल्या जातील.

ऑफिसच्या प्रत्येक मशीनवर एसएसएसडीच्या (लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये जुनं डोमेन असेल, तेही बदला. आणि रात्रपाळीसकट तिन्ही पाळ्यांची माणसं एकदा लॉगिन करेपर्यंत '/व्हार/बॅकअप्स'मधलं काहीही पुसू नका.