बोनी एमची जुनी हिट गाणी आज ऐकण्यासारखी आहेत का? त्यातला तो नाचणारा पुरुष गातच नव्हता म्हणे, मग ही फसवणूक नाही का?

हो, ऐकण्यासारखी आहेत. आणि हो, या चौघांच्या डिस्को गटात नाचणारा बॉबी फॅरेल रेकॉर्डवर गात नव्हता. तो खर्जातला पुरुषी आवाज फ्रँक फॅरियन या जर्मन निर्मात्याचा. चौघांपैकी मेझी विल्यम्सचाही आवाज रेकॉर्डवर नाही. गायल्या त्या लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण तुमचं ते 'फसवणूक' वाचलं आणि राहवलं नाही. हा शब्द मी घरात चाळीस वर्षं ऐकतोय.

आमचं गाव साक्री तालुक्यात, धुळे-सुरत रस्त्यापासून थोडं आत. आमचे एक मेहुणे सुरतला कापडाच्या कारखान्यात होते. १९८२ च्या दिवाळीला त्यांनी टू-इन-वन आणला आणि सोबत एक भरून घेतलेली कॅसेट. तिच्यावर निळ्या पेनने नुसतं 'बोनीयम' लिहिलेलं. १९८० साली 'द मॅजिक ऑफ बोनी एम' नावाचा वीस गाण्यांचा संग्रह निघाला होता, त्यातलीच ती गाणी, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कांद्याला रात्रीचं पाणी द्यायला मळ्यात जायचो. वीज कधी येईल याचा नेम नसायचा. विहिरीजवळ घोंगडी टाकून टेप लावायचा, आवाज बारीक ठेवायचा, आणि 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' सुरू झालं की थंडी कमी वाटायची. इंग्रजी कळत नव्हतं. परमुलखात धरून नेलेल्या लोकांचं ते रडणं आहे, बायबलातल्या १३७ व्या स्तोत्रातलं, आणि बोनी एमच्या आधी १९७० मध्ये जमैकाच्या मेलोडियन्सनी ते गायलं होतं, हे त्या वेळी कोण सांगणार? तरी घशात काहीतरी अडकायचंच.

१९८३ ला मी धुळ्याला कॉलेजात होतो. गॅदरिंगला 'रासपुतीन'वर नाचायचं ठरवलं. बॉबीला नाचताना मी कधीच पाहिलेलं नव्हतं. एका मासिकात फोटो पाहिला होता तेवढाच: केसांचा गोल टोप, उघडी छाती, चमकणारी पँट. पिंपळनेरच्या एका बँडवाल्याकडून सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट मागून आणला. काळ्या लोकरीचा टोप वहिनीने विणून दिला, नानाभाऊंना न सांगता. नानाभाऊ म्हणजे माझे मोठे भाऊ. भजनी मंडळात पुढे उभे राहून गाणारे, पंचपदीपासून भैरवीपर्यंत आवाज न चिरकणारे.

आता नाचायचं कसं? मला येत होता तो एकच नाच, भवाड्याचा. ज्यांनी आमच्याकडचा भवाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: रात्रभर एकेक सोंग येतं, संबळ आणि पिपाणी वाजते, आणि तोंडाला जड मुखवटा बांधलेला माणूस त्या तालावर नाचतो. लहानपणापासून ते पाय डोळ्यांत बसलेले. तेच मी 'रासपुतीन'वर टाकले. ते गाणं घेतंही तसे पाय. त्याची चाल 'कातिबिम' या जुन्या तुर्की लोकगीताशी इतकी जुळते की गावच्या माणसाला ती परकी वाटतच नाही.

टेप माइकसमोर धरला होता. गाण्यात शेवटाकडे एक बोलण्याचा तुकडा येतो, नेमके तिथे सेल उतरले. आवाज जाड झाला, ओढला जायला लागला. मागच्या बाकांवरून हुर्यो सुरू झाली. मी थांबलो नाही. आवाज जसा मंदावला तसे पाय मंद केले, नरसिंहाचं सोंग खांब फोडून बाहेर येताना नाचतात तसे, जड, एकेक पाऊल दाबत. हुर्यो बंद झाली. मग टेप पुरताच बसला. आमच्या वर्गातला ढोलकीवाला विंगेत होता, त्याने तिथूनच ठेका उचलला, सगळा हॉल टाळ्या धरायला लागला, आणि उरलेलं गाणं मी गाण्याशिवाय नाचलो. तशा टाळ्या मला आयुष्यात परत मिळाल्या नाहीत.

नानाभाऊ कामासाठी धुळ्याला आले होते, ते शेवटच्या रांगेत बसलेले मला माहीतच नव्हतं. एसटी स्टँडवर चहा घेताना एवढंच म्हणाले, "गानं तुनं नही, गया तुना नही, मंग तुनं काय शे?" म्हणजे गाणं तुझं नाही, गळा तुझा नाही, मग तुझं काय आहे?

मला उत्तर सुचलं नाही.

१९९० ला मिली व्हॅनिली या पॉप गायक जोडीचं बिंग फुटलं. ती दोघं गातच नव्हती. त्यांचा ग्रॅमी हा संगीताचा पुरस्कार काढून घेतला, आणि त्यांच्यामागेही हाच फॅरियन. पेपरात त्यासोबत बोनी एमचंही आलं होतं. नानाभाऊंनी ते कात्रण पाकिटात घालून मला पोस्टाने पाठवलं. चिठ्ठी नाही, नुसतं कात्रण. तेव्हापासून लग्नकार्यात भेटलो की हा विषय निघतोच.

माझं म्हणणं साधं आहे. भवाड्यातलं सोंग गात नाही म्हणून त्याला कुणी फसवं म्हणत नाही. बायाबापड्या त्याच्या पाया पडतात. सिनेमात नटी ओठ हलवते, आवाज दुसरीचा, आणि तिथे नानाभाऊंच्याच डोळ्यांत पाणी येतं. मग अरुबा बेटावरून युरोपात आलेल्या या एका माणसालाच हा नियम का? बोनी एमचे जुने व्हिडिओ आवाज बंद करून बघा. बॉबी नसता तर ती गाणी कानात राहिली असती, डोळ्यांत राहिली नसती. ३० डिसेंबर २०१० ला तो रशियात सेंट पीटर्सबर्गला हॉटेलच्या खोलीत वारला, आदल्या संध्याकाळी कार्यक्रम करून. वय ६१. ज्याच्यावर ते गाणं आहे तो रशियाच्या राजघराण्याजवळचा साधू रासपुतीनही त्याच शहरात, त्याच तारखेला मारला गेला होता, १९१६ मध्ये. ती बातमी वाचून मी दिवसभर कुणाशी बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. भवाड्यात मुखवट्याआड कोण आहे हे गावाला ठाऊक असतं. रेकॉर्डच्या कव्हरवर चेहरे चौघांचे आणि आवाज फॅरियनचा, हे मलाही पटत नाही. पण तो दोष विकणाऱ्याचा, नाचणाऱ्याचा नाही.

तुमचं ऐकायचं राहिलंच. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' रात्री ऐका, मग 'बेलफास्ट', त्यात मार्सिया काय गायली आहे! 'सनी' आणि 'मा बेकर'ही घ्या. 'डॅडी कूल' थोडं जुनं झालंय. गाणी एकमेकांना चिकटवलेले मेगामिक्स ऐकू नका, जीव जातो गाण्याचा. 'रासपुतीन'मधला इतिहास खरा धरू नका, राणीशी त्याचे तसले संबंध असल्याचा पुरावा नाही. नुसत्या आठवणींमुळे ही गाणी चांगली वाटतात का, हे मला विचारू नका. माझ्यासाठी ते वेगळं करता येत नाही.

हे उत्तर नानाभाऊंच्या फोनवर पाठवतोय. नातू वाचून दाखवेल.

नानाभाऊ, पाय मना व्हतात.