‘वावटळ’ दुसऱ्या लेव्हलला बसतो का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचं फिफ्थ एडिशन चालतं. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणाऱ्या मुलीने ‘वावटळ’ नावाचा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, स्वतः रचून आणलाय: दुसरी लेव्हल (मंत्राच्या ताकदीची पायरी), बोनस ॲक्शन (पाळीतल्या मुख्य ॲक्शनखेरीजची छोटी कृती), कॉन्सन्ट्रेशन नाही (म्हणजे तो चालू ठेवायला लक्ष अडकत नाही; लक्ष अडकवणारा स्पेल एका वेळी एकच चालतो). सरळ रेषेत 40 फूट धावायचं, शत्रूंच्या घरांतून (नकाशावरच्या चौकोनांतून) आरपार, ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर शत्रूला मिळणारा वार) लागू नाही, आणि वाटेत येईल त्याला हव्या त्या बाजूला 10 फूट फेकायचं. डॅमेज नाही, म्हणून सेव्हही (परिणाम टाळण्यासाठी फासा टाकायची संधी) नाही. तुमचं म्हणणं, मिस्टी स्टेप (क्षणात दुसऱ्या जागी पोचवणारा अधिकृत स्पेल) हादेखील दुसऱ्या लेव्हलचा, तोही बोनस ॲक्शनचा, 30 फुटांचा. हा फक्त 10 फूट पुढे. मग अडचण काय?

धावण्याच्या भागात खरंच काही अडचण नाही. उलट तिथे ‘वावटळ’ मिस्टी स्टेपपेक्षा कमजोर आहे. मिस्टी स्टेपला जागा दिसली की पुरे. गजांच्या पलीकडे, दरीच्या पल्याड, ओगर नावाच्या राक्षसाच्या मिठीतून सुटून, कुठेही. धावणाऱ्याला मात्र भिंत आडवी आली की संपलं. त्यामुळे 40 फूट खुशाल द्या.

खरी किंमत आहे ती फेकण्याची. आपण स्वतः हललो तर फक्त आपली जागा बदलते. दुसऱ्याला हलवलं की त्याचा बेत मोडतो, म्हणून अधिकृत स्पेल तिथे हात आखडता घेतात. थंडरवेव्ह पहिल्या लेव्हलचा आहे, पण पूर्ण ॲक्शन खातो, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह देतो, आणि सेव्ह हुकला तरच 10 फूट ढकलतो, तेही आपल्यापासून लांब, हव्या त्या दिशेला नाही. गस्ट ऑफ विंड ‘वावटळ’च्याच लेव्हलचा. ढकलतो 15 फूट, पण ॲक्शन जाते, कॉन्सन्ट्रेशन अडकतं आणि समोरच्याला स्ट्रेंग्थ (ताकद) सेव्ह मिळतो. ‘वावटळ’ हे काम बोनस ॲक्शनमध्ये, सेव्हशिवाय करतो आणि वर धावायलाही देतो. दोन स्पेलचं काम एका स्लॉटमध्ये (स्पेल टाकायला खर्च होणाऱ्या एका संधीत) होतंय.

आता ड्रुइडच्याच यादीतला स्पाइक ग्रोथ घ्या. 20 फूट त्रिज्येचं काटेरी रान, त्यात दर 5 फूट हललं की 2डी4 (चार बाजूंचे दोन फासे टाकून येईल तेवढा) डॅमेज, आणि कुणी ढकलल्यामुळे हललं तरी तो मोजायचा. त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं, ‘वावटळ’ला लागत नाही, म्हणून दोन्ही एकत्र चालतात. रान पसरलेलं आहे, कडेला तीन गॉब्लिन रांगेत उभे आहेत. ड्रुइड रांगेतून धावते आणि तिघांना काट्यांत फेकते. 10 फूट म्हणजे दोनदा 2डी4, सरासरी 10 डॅमेज, तिघांचं मिळून 30. सेव्ह नाही, आणि ॲक्शन अजून शिल्लक, निदान एखाद्या कॅन्ट्रिपला (स्लॉट न लागणाऱ्या साध्या स्पेलला) तरी. 2014च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या अधिकृत पुस्तकात, नव्या स्पेलसाठी डॅमेजचा तक्ता आहे. त्यात दुसऱ्या लेव्हलला अनेकांवर चालणाऱ्या स्पेलला 4डी6 दिलेत, म्हणजे प्रत्येकी सरासरी 14, आणि सेव्ह झाला की निम्मे. ‘डॅमेज नाही’ हे फक्त स्पेलच्या मजकुरात खरं आहे, नकाशावर नाही.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या टेबलावर अशाच एका बिनसेव्हच्या ढकलीला मी हो म्हणून बसलो. त्या दिवशी लढाई पुलावर होती, खाली 60 फूट खोल ओढा. ओगर पहिल्याच फेरीत पुलावरून गेला. 6डी6 लागले, मेला नाही, पण लढाईतून गेला. फायटर खेळणाऱ्या मित्राने त्याच ओगरशी भिडायचं म्हणून आठवडाभर तयारी केली होती. त्याची पाळी आली तेव्हा समोर कुणीच नव्हतं. तो काही बोलला नाही, हातातला वीस बाजूंचा फासा फक्त परत पिशवीत टाकला. दुसऱ्या आठवड्यात मी तो स्पेल बदलला, आणि आधीच बदलायला हवा होता असं मला आजही वाटतं.

म्हणून माझं मत असं. बोनस ॲक्शन ठेवायची असेल तर फेकणं काढा: 40 फूट धाव, ऑपॉर्च्युनिटी अटॅक नाही, शत्रूंच्या घरांतून जाता येईल. दुसऱ्या लेव्हलला हे चोख बसतं. पण मला वाटतं तिला वावटळीचं ते उडवणंच हवंय, आणि कल्पना छान आहे, ती मारू नका. मग पूर्ण ॲक्शन घ्या, वाटेतल्या प्रत्येकाला स्ट्रेंग्थ सेव्ह द्या, हुकला तर 10 फूट, आणि दिशा धावेच्या रेषेपासून सरळ बाहेर. बाजू डावी की उजवी एवढंच तिने ठरवावं. वरच्या स्लॉटने टाकला तर दर लेव्हलला धाव 10 फूट वाढवा, फेकण्याचं अंतर वाढवू नका.

मजकुरात तीन गोष्टी लिहून ठेवा, नाहीतर भर खेळात वाद होतात. ही धाव तिच्या नेहमीच्या चालण्याखेरीज आहे का (मी हो म्हणेन). तिला कुणी पकडून ठेवलं असेल, स्पीड शून्य असेल, तर चालतो का (मी नाही म्हणेन, सुटका हे मिस्टी स्टेपचं काम). आणि धाव कुणाच्या घरात संपली तर ती आधीच्या रिकाम्या घरात थांबेल.

पक्कं करण्याआधी एकदा हाच स्पेल शत्रूच्या हाती देऊन बघा. कड्यावरची एक छोटी लढाई मांडा, समोर एक ड्रुइड ठेवा, आणि तुमच्या पार्टीला आधी मूळचा, मग बदललेला ‘वावटळ’ सोसू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या मुलीला टेबलाच्या या बाजूला, तुमच्या शेजारी बसवा आणि शत्रूचे फासे तिलाच टाकू द्या. आकडा कितीवर ठेवायचा ते मग ती स्वतःच सांगेल.